हुकूमशाहीतले ब्लॉग: बंद कसे पाडतात, लेखक सापडतो कसा?

निळावंती

पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी दोन तासांचं सत्र घ्यायचं आहे. विषय: वर्तमानपत्रं आणि वाहिन्या सरकारच्या मुठीत असताना ब्लॉगवर लिहिणारे लोक. मुख्य दाखला ट्युनिशियाचा घेतला आहे. झुहैर याह्याउई यांचं 'ट्युनेझीन' हे संकेतस्थळ २००१ मध्ये सुरू झालं, २००४ मध्ये 'नवात' हा ब्लॉग आला, आणि १४ जानेवारी २०११ ला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. या दहा वर्षांत सरकार आणि लिहिणारे, दोघांचेही बहुतेक सगळे डाव खेळून झाले.

अभिव्यक्तिस्वातंत्र्य का महत्त्वाचं, हे मुलांना ठाऊक आहे. मला यंत्रणा समजावून सांगायची आहे. म्हणून नेमकं विचारते:

१. सरकार ब्लॉग अडवतं म्हणजे नक्की काय करतं? एकाला दिसतो, दुसऱ्याला नाही, असं का होतं?
२. टोपणनावाने लिहिणारा माणूस सापडतो कशावरून?
३. पकडल्यावर कलमं कोणती लावतात?
४. पहिली नोंद टाकण्याआधी काय काय करून ठेवावं? 'व्हीपीएन वापरा' एवढ्यावर थांबणारं उत्तर नको.

भारताचा धागा खरोखर जुळत असेल तरच सांगा, ओढूनताणून नको.

---

कोकणकडा

पहिल्या प्रश्नाचं सांगतो. ट्युनिशियात देशाबाहेरचं इंटरनेट एटीआय या एकाच सरकारी संस्थेमार्फत यायचं आणि ती ते खासगी कंपन्यांना पुरवायची. त्यामुळे चाळणी एकाच जागी बसवली की काम झालं. जिथे बाहेर जाणाऱ्या वाटा बऱ्याच असतात तिथे प्रत्येक कंपनीला हुकूम द्यावा लागतो आणि प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने पाळते. एकाला ब्लॉग दिसतो आणि शेजाऱ्याला दिसत नाही, त्याचं सगळ्यात साधं कारण हे.

अडवणूक चार पातळ्यांवर होते आणि प्रत्येकीची खूण वेगळी असते.

पहिली डीएनएस. ब्राउझर साइटचा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यावरचा क्रमांक, विचारतो आणि कंपनीचा सर्व्हर खोटा पत्ता देतो. डीएनएस सर्व्हर बदलून साइट उघडली तर अडवणूक इथेच होती असं समजा. ही सगळ्यात कच्ची भिंत आहे. मात्र चीनमध्ये वाटेतच खोटं उत्तर घुसवतात, त्यामुळे तिथे नुसता सर्व्हर बदलून भागत नाही.

दुसरी आयपी पत्ता. इथे साइट नुसती लटकून राहते, शेवटी वेळ संपल्याचा संदेश येतो. एका पत्त्यावर शेकडो साइट असतील तर त्याही बळी जातात.

तिसरी म्हणजे पानाचा पूर्ण पत्ता किंवा मजकुरातले शब्द तपासणं. ट्युनिशियाची खासियत हीच. अडवलेल्या पानावर 'मनाई आहे' असं लिहिणं त्यांना नको होतं, म्हणून ४०४ चं, म्हणजे 'पान सापडलं नाही' असं खोटं पान दाखवायचे. ते इंटरनेट एक्सप्लोररच्या फ्रेंच एरर-पानाची नक्कल होतं. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं तरी पान एक्सप्लोररचंच यायचं, आणि तिथेच बिंग फुटायचं. लोकांनी त्या अदृश्य सेन्सॉरला 'अम्मार ४०४' असं नावच ठेवलं. चीनमध्ये याच पातळीवर निषिद्ध शब्द दिसला की दोन्ही टोकांना 'जोडणी तोडा' असा बनावट संदेश जातो, आणि त्या दोन संगणकांमधली जोडणी पुढे मिनिट-दीड मिनिट लागतच नाही. नेट गेलं असं वाटावं, ही त्यातली मेख.

चौथी पातळी एचटीटीपीएसची. मजकूर कूटबद्ध असतो, पण जोडणीच्या सुरुवातीला साइटचं नाव, म्हणजे एसएनआय, उघडं जातं. पाकिटावरचा पत्ता वाचता येतो, आतलं पत्र नाही. याचा परिणाम फार मोठा आहे: सरकारला एकच पान अडवता येत नाही, अडवायचं तर सगळं डोमेन अडवावं लागतं. जानेवारी २०१३ मध्ये चीनने गिटहब, म्हणजे प्रोग्रामरांचं कोड ठेवण्याचं संकेतस्थळ, बंद केलं आणि तिथल्याच प्रोग्रामरांनी गदारोळ केल्यावर काही दिवसांत उघडलं. मार्च २०१५ मध्ये तर बायडू या चिनी शोधयंत्राच्या एका स्क्रिप्टमध्ये वाटेत बदल करून चीनबाहेरच्या वाचकांचे ब्राउझर गिटहबवर सोडले गेले. रोख होता तिथे ठेवलेल्या, सेन्सॉर चुकवणाऱ्या दोन पानांवर. ते नावही कूटबद्ध करण्याची पद्धत आली, तेव्हा २०२० मध्ये चीनने तशी जोडणीच अडवायला सुरुवात केली.

आता यातून ब्लॉगरने काय घ्यायचं?

स्वतःचं डोमेन सरकारला बिनदिक्कत अडवता येतं, कारण त्यात दुसऱ्या कुणाचं नुकसान नाही. मोठ्या प्लॅटफॉर्मवर असाल तर अडवणं सरकारला महाग पडतं, पण तिथे कंपनीच तुमचा ब्लॉग काढून टाकू शकते. डिसेंबर २००५ मध्ये मायकेल अँटी या चिनी ब्लॉगरचं लिखाण मायक्रोसॉफ्टने आपल्या एमएसएन स्पेसेसवरून असंच काढलं होतं. म्हणून दोन्ही ठेवावं: मूळ प्रत आपल्या डोमेनवर, आरसा-प्रत मोठ्या प्लॅटफॉर्मवर. आरएसएस फीडमध्ये, म्हणजे नव्या नोंदी वाचकाच्या ॲपला आपोआप पोहोचवणाऱ्या फाइलमध्ये, पूर्ण मजकूर द्यावा, 'पुढे वाचा' नको, कारण साइट अडली तरी फीड-वाचक सेवेतून मजकूर पोहोचतो. ईमेलने जाणारं वार्तापत्र तर साइट अडवून थांबतच नाही.

आकाराचा हिशेबही मुलांना दाखवा. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. १००० शब्दांची मराठी नोंद म्हणजे साधारण साडेसहा हजार चिन्हं, म्हणजे २० केबीच्या आसपास. अशा ५०० नोंदी १० एमबीत मावतात आणि झिप केल्या तर त्याहून बऱ्याच कमी जागेत. वर्षानुवर्षांचा ब्लॉग ईमेलला जोडता येतो. डेटाबेसवर चालणारी साइट मात्र अशी उचलता येत नाही, म्हणून स्थिर एचटीएमएल पानांची साइट बरी. दर नोंदीनंतर पूर्ण निर्यात काढा आणि ती फाइल देशाबाहेरच्या दोन माणसांकडे ठेवा.

भारताचा धागा आहे, आणि थेट मुंबईशी आहे. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांनंतर दूरसंचार खात्याने दीड-एक डझन पानं अडवायला सांगितली. कंपन्यांना सुटी पानं वेगळी काढता आली नाहीत आणि त्यांनी ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड, जिओसिटीज सगळंच बंद केलं. लाखो निरुपद्रवी ब्लॉग काही दिवस दिसेनात. तिसरी पातळी जमली नाही की काय होतं, त्याचा हा घरचा नमुना.

---

टाकबोरू

कोकणकडा यांनी पोहोचीचं लिहिलं, मी ओळखीचं लिहितो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि ते एकच समजल्यामुळे सगळ्यात जास्त माणसं अडकली आहेत. अडवलेली साइट उघडून देणारं साधन तुमची ओळख लपवतंच असं नाही. तुमची वाहतूक आपल्या सर्व्हरमधून नेणाऱ्या व्हीपीएन कंपनीला तुमचा खरा पत्ता, वेळ आणि बहुधा पैसे भरणाऱ्याचं नाव दिसतं. ती कंपनी कुठल्या कायद्याखाली बसते हा पहिला प्रश्न. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी हे किमान ५ वर्षं जपायचं आहे. बऱ्याच कंपन्यांनी त्यानंतर भारतातले सर्व्हर हलवले.

नोंद कशी पकडते ते शी ताओ यांच्या निकालात स्पष्ट आहे. चांग्शातले हे पत्रकार. तिआनानमेन चौकातल्या हत्याकांडाच्या पंधराव्या स्मरणदिनाबद्दल माध्यमांना आलेल्या सरकारी सूचनेचा सारांश त्यांनी याहूच्या ईमेलवरून परदेशातल्या साइटला पाठवला. याहूकडून मिळालेली माहिती चिनी न्यायालयाच्या निकालपत्रातच नमूद आहे: २० एप्रिल २००४, रात्री ११ वाजून ३२ मिनिटं १७ सेकंद, अमुक आयपी, आणि तो आयपी त्यांच्या वर्तमानपत्राच्या कार्यालयातला. शिक्षा १० वर्षं. टोपणनाव होतं, पण लॉगिन कार्यालयातून होतं, एवढं पुरलं.

ट्युनिशियातला डिसेंबर २०१० ते जानेवारी २०११ चा प्रकार वर्गात ओळीओळीने दाखवण्यासारखा आहे. फेसबुक, जीमेल आणि याहूच्या लॉगिन पानात वाटेतच काही ओळींची जावास्क्रिप्ट घुसवली जायची. वापरकर्त्याने नाव आणि पासवर्ड लिहून बटण दाबलं की ती स्क्रिप्ट दोन्ही घेऊन कच्च्या पद्धतीने सांकेतिक करायची आणि त्याच साइटवरच्या, अस्तित्वातच नसलेल्या एका पत्त्याची मागणी करायची. फेसबुकचा सर्व्हर 'असं पान नाही' म्हणून सोडून द्यायचा. पण मागणीचा पत्ता साध्या, कूटबद्ध नसलेल्या एचटीटीपीवरून गेलेला असायचा आणि पासवर्ड त्या पत्त्यातच असायचा. वाटेत बसलेल्याला तो फक्त टिपून ठेवायचा होता. वापरकर्त्याचं लॉगिन नेहमीसारखं व्हायचं, त्याला काही कळायचं नाही. मग रातोरात पानं आणि खाती नाहीशी व्हायला लागली. फेसबुकने ट्युनिशियाची सगळी वाहतूक एचटीटीपीएसवर नेली आणि पुन्हा लॉगिन करताना मित्रांची छायाचित्रं ओळखायला लावली, तेव्हा हे थांबलं.

एचटीटीपीएसवरही डोळे मिटून विसंबू नये. २०११ च्या उन्हाळ्यात साइट खरी असल्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या डिजिनोटार या डच कंपनीत घुसून गुगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र काढलं गेलं आणि इराणमधल्या जीमेल वापरणाऱ्यांवर वापरलं गेलं. एका ब्राउझरने इशारा दाखवला म्हणून ते उघडकीला आलं. प्रमाणपत्राचा इशारा आला की 'तरीही पुढे जा' कधीच दाबायचं नाही.

आता तयारी, ज्या क्रमाने करायची त्या क्रमाने. क्रम उलटा केला की सगळं वाया जातं, कारण पहिलं उघडं लॉगिन नोंदीत कायमचं राहतं.

आधी यंत्र. ब्लॉगसाठी वेगळा संगणक, नाही जमलं तर पेन ड्राइव्हवरून चालणारी टेल्स प्रणाली. तिला किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि बंद केल्यावर संगणकावर खुणा राहत नाहीत. हार्ड डिस्क पूर्ण कूटबद्ध असावी आणि झोपताना यंत्र पूर्ण बंद करावं. नुसतं झाकण मिटलेल्या किंवा लॉक केलेल्या यंत्रात किल्ली स्मृतीत जिवंत असते.

मग जोडणी. टॉर तीन टप्प्यांतून वाहतूक नेतं. पहिल्या टप्प्याला तुम्ही दिसता, तिसऱ्याला साइट दिसते, दोन्ही एकालाच दिसत नाहीत. पण टॉर वापरताय हे तुमच्या इंटरनेट कंपनीला दिसतं. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डमध्ये बॉम्बची खोटी धमकी टॉरमधून गेली होती. पाठवणारा सापडला तो टॉर फोडून नाही. त्या वेळी विद्यापीठाच्या जाळ्यावर टॉर वापरणारे अगदी थोडे होते, म्हणून. छोट्या गावात, छोट्या जाळ्यावर हाच धोका. तिथे ब्रिज घ्यावा, ऑब्फ्स४ किंवा स्नोफ्लेक, म्हणजे वाहतूक टॉरसारखी दिसत नाही. नोंद लिहून झाल्याबरोबर प्रसिद्धही करू नये. काही तासांनी, दर वेळी वेगळ्या अंतराने जाईल अशी वेळ लावावी, नाहीतर तुमच्या ऑनलाइन असण्याच्या वेळा आणि नोंदींच्या वेळा जुळवता येतात.

त्यानंतर खातं. ईमेल टॉरमधूनच उघडायचं, आणि पर्यायी ईमेल म्हणून रोजचा पत्ता द्यायचा नाही. हे भोक सर्रास राहून जातं. दुहेरी पडताळणी एसएमएसवर ठेवू नका. मोबाइल कंपनी सरकारचं ऐकत असेल तर कोड त्यांनाच आधी मिळतो. इराणमधल्या कार्यकर्त्यांची टेलिग्राम खाती अशीच उघडली गेल्याचं २०१६ मध्ये बाहेर आलं. ॲपमधला कोड किंवा हार्डवेअर किल्ली वापरा, आणि जादाचे कोड कागदावर, घराबाहेर ठेवा.

शेवटी मजकूर. फोटोच्या एक्झिफ माहितीत फोनचं मॉडेल, वेळ आणि जीपीएस असतं. अँटीव्हायरसवाले जॉन मॅकअफी लपलेले असताना डिसेंबर २०१२ मध्ये एका नियतकालिकाने त्यांचा फोटो टाकला आणि त्यातल्या जीपीएसवरून ते ग्वातेमालात असल्याचं जगाला कळलं. वर्ड आणि पीडीएफ फाइलमध्ये लेखकाचं नाव असतं. वाचकसंख्या मोजणारा एकच क्रमांक आपल्या खऱ्या साइटवर आणि टोपण ब्लॉगवर लावला तर दोन्ही एका मालकाच्या असल्याचं पानाच्या कोडमध्ये कुणालाही दिसतं. प्रतिक्रियांपुढचं ग्रॅव्हटार चित्र ईमेलवरून काढलेल्या हॅशने, म्हणजे सांकेतिक आकड्याने, येतं, म्हणून त्यावरून दोन साइटवरचा एकच माणूस ओळखता येतो. आणि भाषा. ठरावीक शब्दांची सवय, एकाच जागी होणारी शुद्धलेखनाची चूक, तालुक्याची बोली. यंत्राला कळायच्या आधी गावातल्या माणसाला कळतं. दुसऱ्याकडून संपादन करून घेणं हाच त्यावर इलाज.

---

साक्षीपुरावा

टाकबोरू यांचं सगळं बरोबर आहे, पण ते सगळं पाळूनही माणूस पकडला जातो, आणि पकडल्यावर लावलेलं कलम लिखाणाचं असेलच असं नाही.

झुहैर याह्याउई 'एत्तुन्सी', म्हणजे 'ट्युनिशियन', या टोपणनावाने लिहायचे. ट्युनिशिया हे प्रजासत्ताक आहे, राजेशाही आहे, प्राणिसंग्रहालय आहे की तुरुंग, अशी जनमतचाचणी त्यांनी आपल्या साइटवर ठेवली होती. जून २००२ मध्ये त्यांना सायबर कॅफेतून उचललं. आरोप दोन: खोट्या बातम्या पसरवणं, आणि इंटरनेट जोडणीची चोरी, कारण ज्या कॅफेत ते काम करायचे तिथलीच जोडणी ब्लॉगसाठी वापरली होती. अपिलात दोन वर्षांची शिक्षा राहिली. नोव्हेंबर २००३ मध्ये सुटले, १३ मार्च २००५ ला हृदयविकाराने गेले. ट्युनिशियात आज १३ मार्च हा इंटरनेट स्वातंत्र्याचा दिवस म्हणून पाळतात. त्या 'चोरी'च्या आरोपावर जरा थांबा: जोडणी कुणाच्या नावावर आहे, बिल कोण भरतं, यंत्र कुणाचं आहे, हे सगळं फिर्यादीचं साहित्य असतं.

व्हिएतनामचे ब्लॉगर दियू काय, मूळ नाव न्गुयेन वान हाय, यांना २००८ मध्ये ३० महिन्यांची शिक्षा झाली ती करचुकवेगिरीसाठी. ती भोगून झाल्यावर सोडलंच नाही आणि सप्टेंबर २०१२ मध्ये 'राज्याविरुद्ध प्रचारा'खाली आणखी १२ वर्षं ठोठावली. म्हणून राजकीय लिखाण करणाऱ्याने कर, भाडेकरार, वाहन परवाना हे नको तितकं चोख ठेवावं. पहिला हल्ला तिथून येतो.

इथिओपियाचं प्रकरण टाकबोरू यांच्या यादीशी थेट भिडतं. आदिस अबाबाच्या कालिती तुरुंगात आठ विभाग. बाहेरचा देश हा नववा, म्हणून या गटाने नाव घेतलं 'झोन ९'. एप्रिल २०१४ मध्ये सहा ब्लॉगर आणि तीन पत्रकार पकडले आणि दहशतवादाचे आरोप ठेवले. डिजिटल सुरक्षेचं प्रशिक्षण घेणं, कूटलेखनाची साधनं वापरणं हेच आरोपपत्रात आलं. जुलै आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये सगळे सुटले, पण दीड वर्ष गेलं. तेव्हा साधनं वापरा, पण त्यांची पुस्तिका, कार्यशाळेचं प्रमाणपत्र, गटाचा फोटो घरात ठेवू नका.

काही सरकारं नोंदणीचा मार्ग धरतात. रशियात १ ऑगस्ट २०१४ पासून रोज ३००० वाचक असलेल्या ब्लॉगरला खऱ्या नावाने नोंद करावी लागत होती. २०१७ मध्ये ती तरतूद गेली. टांझानियात २०१८ च्या नियमांनी ब्लॉगला परवाना लागू केला, खर्च ९०० डॉलरच्या घरात. एवढी रक्कम म्हणजे बहुतेकांसाठी बंदीच.

माझा एक मतभेद आहे. नाव लपवणं हे प्रत्येकासाठी उत्तर नाही. टोपणनावाचा माणूस गायब झाला तर त्याच्यासाठी कोण बोलणार? ट्युनिशियाच्या ब्लॉगर लीना बेन म्हेन्नी स्वतःच्या नावाने, चेहऱ्यासकट लिहायच्या. जानेवारी २०११ मध्ये त्या कासरीन आणि रगेब या गावांना गेल्या आणि गोळीबारात मेलेल्यांचे फोटो घेऊन आल्या. नाव मागे असल्यामुळे जगाने त्या फोटोंवर विश्वास ठेवला. तिथलेच ब्लॉगर स्लीम अमामू यांना ६ जानेवारी २०११ ला पकडलं तेव्हा फोनवरून त्यांचं ठिकाण गृहमंत्रालयात असल्याचं फोरस्क्वेअर या ठिकाण सांगणाऱ्या ॲपवर उमटलं, आणि बाहेरच्या लोकांना लगेच कळलं की माणूस कुठे आहे. तिथे ठिकाण उघड असणं हाच बचाव ठरला. निवड पहिल्या दिवशी करावी लागते: पूर्ण अनामिक, नाहीतर पूर्ण उघड. अर्धंमुर्धं सगळ्यात वाईट, म्हणजे पोलिसांना नाव ठाऊक आणि वाचकांना नाही.

उघड लिहिणार असाल तर अटकेनंतरच्या पहिल्या ४८ तासांचा कागद आधीच लिहून ठेवा. पासवर्ड कोण बदलणार (देशाबाहेरचा माणूस हवा, कारण आतल्याला तो सांगायला भाग पाडता येतं). ब्लॉग चालू ठेवायचा की गोठवायचा. वकील कोण, वकीलपत्रावर सही आधीच केलेली आहे का. रोजची औषधं कोणती. आणि सगळ्यात अवघड: बोभाटा करायचा की गप्प राहायचं, हे ठरवण्याचा अधिकार घरातल्या कुणाला. ते ठरलेलं नसलं की पोलीस 'गप्प राहिलात तर सोडू' म्हणतात, घरचे गप्प राहतात आणि पहिला, महत्त्वाचा आठवडा निघून जातो.

---

निळावंती

तिघांचेही आभार. साक्षीपुरावा यांचा मतभेद मी तसाच वर्गापुढे मांडणार आहे. एक राहिलं: इंटरनेटच बंद केलं तर? इजिप्तसारखं.

---

तारयंत्र

इजिप्तमध्ये २७ जानेवारी २०११ च्या मध्यरात्रीनंतर कंपन्यांनी आपले मार्ग जागतिक जाळ्यातून मागे घेतले, आणि २ फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ सगळा देश बंद होता. लँडलाइन मात्र चालू होत्या. एफडीएन या फ्रेंच संस्थेने पॅरिसचा डायल-अप नंबर खुला केला. कोकणकडा यांचा २० केबीचा हिशेब इथे कामी येतो: जुन्या मोडेमची पाठवण्याची गती ३३.६ केबीपीएस धरली तरी हजार शब्दांची नोंद पाच सेकंदांत जाते. फोटोला मात्र फार वेळ लागतो. आवाजाचा निरोप ठेवायचा नंबरही सुरू झाला होता. त्यावर बोललं की ते ट्विटरवर ऐकता यायचं.

क्युबात तर इंटरनेट असूनही नसल्यासारखं होतं. योआनी सांचेस यांनी एप्रिल २००७ मध्ये 'हेनेरासियोन ई' (जनरेशन वाय) हा ब्लॉग सुरू केला. २००८ मध्ये तो देशात अडवला गेला, मग त्या मजकूर ईमेलने बाहेर पाठवायच्या आणि बाहेरचे मित्र तो चढवायचे. स्वतःचा ब्लॉग त्यांना धड दिसत नव्हता. देशातले वाचक तो सीडी आणि पेन ड्राइव्हवरून वाचायचे. २०१५ मध्ये सार्वजनिक वाय-फाय आलं ते तासाला २ सीयूसी (तेव्हाचं एक क्युबन चलन) दराने, आणि सरासरी सरकारी पगार होता महिन्याला २५ च्या आसपास. म्हणून शिस्त अशी: सगळं घरी लिहून, फोटो छोटे करून, फाइलींना क्रमांक देऊन जायचं; जोडणीवर बसून काहीही लिहायचं नाही.

ट्युनिशियातल्या दोन गोष्टी सत्रात घ्याच. २००७ च्या अखेरीस यूट्यूब बंद झाल्यावर नवातच्या मंडळींनी मानवी हक्कांचे व्हिडिओ गुगल अर्थवर कार्थेजच्या राष्ट्राध्यक्ष प्रासादाभोवती खुणा करून लावले. नकाशावर प्रासाद बघायला गेलात की कैद्यांच्या मुलाखती समोर. आणि त्याच वर्षी 'टीएस-आयओओ' या राष्ट्राध्यक्षांच्या विमानाची युरोपातल्या विमानतळांवरची छायाचित्रं, जी विमानवेडे लोक हौसेने टाकतात, ती तारखांनिशी एकत्र करून अधिकृत दौऱ्यांशी ताडली. दौरा नसताना विमान युरोपात उतरत होतं. त्यात एकही गुप्त कागद नव्हता, सगळी माहिती उघड्यावर पडलेली. पत्रकारितेच्या मुलांना याहून चांगला धडा मला माहीत नाही.

---

खलाशी

आखातात नोकरीला असलेले आपले बरेच लोक मराठी ब्लॉग वाचतात-लिहितात, त्यांच्यासाठी एक तरतूद. यूएईच्या सायबर कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीने गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलला, म्हणजे व्यवहारात व्हीपीएन वापरलं, तर दंड ५ लाख ते २० लाख दिरहम झाला. २०२१ च्या नव्या कायद्यातही ती तरतूद आहे. नुसतं व्हीपीएन असणं हा गुन्हा नाही, पण तिथे मानहानी हाच फौजदारी गुन्हा आहे, त्यामुळे टीकेची नोंद आणि व्हीपीएन एकत्र आलं की दोन्ही लागतात. मजकूर मराठीत आहे म्हणून कुणाला कळणार नाही, हा भरवसा ठेवू नये. तक्रार बहुधा मराठी वाचणाऱ्यानेच केलेली असते.

---

निळावंती

शेवटचं: दोन तासांत मुलांच्या हाताने करून घेण्यासारखं काय आहे?

---

टाकबोरू

तीन गोष्टी पुरतील.

एक, प्रत्येकाने आवारात एक फोटो काढून शेजाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर दोनदा पाठवावा, एकदा फोटो म्हणून आणि एकदा डॉक्युमेंट म्हणून. पहिल्यात जीपीएस गळून पडतं, दुसऱ्यात जसंच्या तसं राहतं. ठिकाणाची परवानगी कॅमेऱ्याला दिलेली असेल तरच हे दिसेल, ते आधी तपासा.

दोन, एखादा चाचणीचा वर्डप्रेस ब्लॉग तुम्हीच उभा करा, टोपणनाव लावा, आणि साइटच्या पत्त्यापुढे '/?author=1' लिहून लेखक क्रमांक १ मागायला सांगा. नेहमीच्या मांडणीत ब्राउझर लेखकाच्या पानावर जातो आणि त्या पत्त्यात लॉगिनचं मूळ नाव दिसतं, दर्शनी नाव काहीही असो. ते नाव खरं आडनाव असेल तर खेळ तिथेच संपतो. खातं काढतानाच लॉगिनचं नाव निरर्थक ठेवायचं, नंतर बदलणं किचकट असतं.

तीन, ऊनी एक्सप्लोरर (OONI Explorer) या संकेतस्थळावर देशागणिक अडवणुकीच्या नोंदी खुल्या आहेत. प्रत्येक गटाला एक देश द्या आणि कोकणकडा यांच्या चार पातळ्यांपैकी कुठली दिसते ते शोधायला सांगा. मोजणीचं ॲप मात्र वर्गात सगळ्यांच्या फोनवर टाकू नका. ते निषिद्ध साइटना खरोखर जोडणी करून बघतं आणि निकाल जाळ्याच्या नावासकट जाहीर करतं, त्यामुळे कॉलेजच्या वाय-फायवरून चालवण्याआधी लेखी परवानगी घ्या.